"बाई, भुताचं पुस्तक आहे का?" – पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी गूढकथा निवडताना



15 ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिवशी, आपण सगळ्या शाळांमध्ये वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. पुस्तकांची पेटी उघडतो, पुस्तकं सतरंजीवर मांडतो आणि मुलांना सांगतो, "आवडेल ते घ्या." पहिल्या पाच मिनिटांत एक तरी मूल जवळ येऊन हळूच विचारतं, "बाई, भुताचं पुस्तक आहे का?"

या प्रश्नाला आपण बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर देतो. एक तर "असलं काही वाचायचं नसतं" म्हणून थोर पुरुषांचं चरित्र हातात ठेवतो, नाही तर हाताला लागेल ते देऊन मोकळे होतो. मी दोन्ही केलं आहे आणि दोन्ही वेळा चुकले आहे. त्या चुकांमधून जे शिकले ते आज इथे मांडते आहे.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे सहावीचा वर्ग होता. वर्गात एक मुलगी होती. वाचनाच्या तासाला ती पुस्तक उघडायची, पण पानं नुसतीच उलटायची. अडखळत वाचत असल्यामुळे वाचायचा कंटाळा, असं ते गणित होतं. एके दिवशी ती आपणहून आली आणि भुताचं पुस्तक मागितलं. मला इतका आनंद झाला की गावातल्या एकांनी शाळेला दिलेल्या जुन्या पुस्तकांच्या खोक्यातून एक गूढकथासंग्रह काढून मी तिला देऊन टाकला. मुखपृष्ठावर पडका वाडा आणि चंद्र. आत काय आहे ते मी पाहिलं नव्हतं.

चार दिवसांनी तिची आई शाळेत आली. "बाई, पोरगी रात्री न्हाणीघरात एकटी जात नाही. दिवा मालवू देत नाही. तुम्ही काय वाचायला दिलंत?" मी पुस्तक मागवून घेतलं, वाचलं आणि शरमले. ते मोठ्यांसाठीचं पुस्तक होतं. चांगलं होतं, पण अकरा वर्षांच्या मुलीसाठी नव्हतं.

त्यानंतर आम्ही शिक्षकांनी बसून ठरवलं की भुताखेतांची सगळी पुस्तकं कपाटात बंद. प्रश्न मिटला असं वाटलं. पण त्या मुलीनं पुढचे दोन आठवडे एकही पुस्तक घेतलं नाही. चार दिवसांत तिनं ऐंशी पानं वाचली होती, हे माझ्या तेव्हा लक्षातच आलं नव्हतं. सहा महिन्यांत मला जे जमलं नाही ते त्या पुस्तकानं केलं होतं, आणि आम्ही ते कुलपात ठेवलं.

मग एका मधल्या सुट्टीत तिला जवळ बसवून विचारलं, "नक्की कशाची भीती वाटली गं? भुताची?" ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "भुताची नाही बाई. त्या मुलीला शेवटी न्यायला कोणीच आलं नाही."

ते वाक्य मी विसरलेले नाही. मी पुस्तकात भूत आहे की नाही एवढंच बघत होते. मुलगी बघत होती ती गोष्ट शेवटी मुलाला कुठे नेऊन सोडते ते. गूढकथा निवडताना मी आता पहिल्यांदा शेवट तपासते, त्याचं कारण हे.

या वयाला भूत का हवं असतं?

दहा ते बारा हे वय मधलं असतं. परीकथा "लहान मुलांच्या" वाटायला लागतात आणि मोठ्यांचं जग अजून कळत नसतं. अंधार, मरण, एकटेपण, आईबाबा नसले तर काय, हे प्रश्न मनात येतात, पण ते कोणाला विचारता येत नाहीत. गोष्टीतलं भूत हे प्रश्न मुलाच्या वतीनं विचारतं. शिवाय गोष्टीतल्या भीतीला एक सोय असते. पुस्तक मिटता येतं. पडद्यावरची भीती स्वतःच्या वेगानं अंगावर येते, पुस्तकातली भीती वाचणाऱ्याच्या वेगानं येते. म्हणून ज्या मुलांना मोबाइलवर कसलेही व्हिडिओ सापडतात, त्यांना योग्य गूढकथा देणं हे मला उलट जास्त सुरक्षित वाटतं.

आणि भाषेचा फायदा वेगळाच. पुढे काय होणार या ओढीनं अडखळणारं मूलही वाक्य शेवटापर्यंत नेतं. पुरावा, संशय, अंदाज, कारण हे शब्द आणि त्यामागचा विचार रहस्यकथेत आपोआप घडतो.

चार पायऱ्या

पुस्तकांची मी माझ्यासाठी चार पायऱ्यांत वाटणी केली आहे. प्रत्येक मूल वेगळं असतं, त्यामुळे इयत्तेपेक्षा मूल बघून पायरी ठरवावी.

पहिली पायरी : लुटुपुटीची भीती. भूत आहे, पण ते गमतीचं किंवा बोलकं आहे. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यातली चेटकीण आठवा. मुलं घाबरतात आणि त्याच क्षणी हसतात. दुसरं उदाहरण विक्रम-वेताळाचं. 'चांदोबा' वाचत मोठ्या झालेल्या पालकांना राजाच्या खांद्यावरचं ते प्रेत आणि शंकर यांनी काढलेलं चित्र नक्की आठवत असेल. स्मशान, रात्र, प्रेत, सगळं भीतीचं साहित्य तिथे आहे, पण वेताळ राजाला खात नाही, कोडं घालतो. भीती विचाराकडे वळते. मूळ वेताळपंचविशीतल्या काही कथा मोठ्यांच्या आहेत, म्हणून मुलांसाठी केलेली आवृत्तीच घ्यावी.

दुसरी पायरी : भुताचा मुखवटा. सुरुवातीला भूत वाटतं, शेवटी माणूस निघतो. माझ्या मते पाचवी-सहावीसाठी ही सगळ्यात उपयोगी पायरी आहे. एनिड ब्लायटन यांच्या 'फेमस फाइव्ह' मालिकेत एका कथेत रात्री धावणारी भुताची आगगाडी आहे, तिच्यामागे काळाबाजारवाले निघतात. आर्थर कॉनन डॉयल यांच्या बास्करव्हिल घराण्याच्या शिकारी कुत्र्याची गोष्ट याच जातीची. माळरानावरचा तो पेटलेला राक्षसी कुत्रा म्हणजे अंगाला चमकणारं रसायन लावलेला खरा कुत्रा असतो, आणि त्याच्यामागे असतो मालमत्तेचा लोभ. मूळ कादंबरी सातवीच्या पुढे द्यावी, पाचवी-सहावीला संक्षिप्त आवृत्ती पुरते.

भुताशिवायचं रहस्य हवं असेल तर आपला फास्टर फेणे आहेच. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्यात विद्याभवनात शिकतो, सायकल दामटतो आणि डोकं चालवतो. मुलांच्याच वयाचा असल्यामुळे "आपल्यालाही जमेल" असं त्यांना वाटतं. आता एक गंमत सांगते, ती मुलांना जरूर सांगा. 2017 चा 'फास्टर फेणे' आणि 2024 चा 'मुंज्या' हे दोन्ही चित्रपट एकाच दिग्दर्शकाचे, आदित्य सरपोतदार यांचे. मुंज्या बघून आलेलं मूल या धाग्यानं फास्टर फेणेच्या पुस्तकापर्यंत आणता येतं. मी आणलं आहे.

सत्यजित राय यांचा फेलूदा याच पायरीवर, पण जरा वरच्या बाजूला बसतो. या कथा त्यांनी मुलांच्या 'संदेश' मासिकासाठी 1965 पासून लिहायला घेतल्या. अशोक जैन यांनी त्या मराठीत आणल्या आहेत. एक कथा तर आपल्या वेरूळच्या लेण्यांत घडते. पालकांनी आधी माहीत करून घ्यावं असं एवढंच, की फेलूदा सिगारेट ओढतो आणि काही कथांत खून आहेत. मी पुस्तक नाकारत नाही, त्यावर मुलांशी बोलते.

तिसरी पायरी : भूत खरं, पण वाट परतीची. जादू किंवा भूत शेवटपर्यंत खरंच असतं, पण नायक सुखरूप परततो. हॅरी पॉटरची पहिली तीन पुस्तकं इथे बसतात. हॅरी पहिल्या पुस्तकात अकरा वर्षांचा होतो आणि पुढे दर पुस्तकाला मोठा होतो. त्याच्याबरोबर गोष्टही गडद होते. चौथ्या पुस्तकाच्या शेवटी शाळेतल्या एका मुलाचा मृत्यू आहे. म्हणून "मालिका आणली, सगळी वाच" असं न करता दोन पुस्तकांमध्ये थोडा काळ जाऊ द्यावा.

इंग्रजी वाचणाऱ्या मुलांमध्ये आर. एल. स्टाइन यांची 'गूझबम्प्स' मालिका फार फिरते. 1992 पासून 1997 पर्यंत पहिल्या मालिकेत 62 पुस्तकं आली. भाषा सोपी, प्रकरणं छोटी, दर प्रकरणाच्या शेवटी धक्का. पण यातल्या पुष्कळ गोष्टी अगदी शेवटच्या पानावर पुन्हा एक दार उघडं ठेवून संपतात. काही मुलांना त्यातच मजा वाटते, हळव्या मुलांना झोप लागत नाही. अशा मुलांना ही पुस्तकं दुपारी द्यावीत, अंथरुणात नाही.

सत्यजित राय यांचाच 'सोनार केल्ला' हा 1974 चा चित्रपट मी या पायरीसाठी शिक्षकांना बघायला सांगते. मुकुल नावाच्या लहान मुलाला मागचा जन्म आठवतो आणि राजस्थानात गुंड त्याला पळवून नेतात. मागच्या जन्माचं कोडं पूर्ण सुटतं असं नाही. पण गुंड पकडले जातात आणि मुकुलला आपल्या आत्ताच्या घरी जायची ओढ लागते. गूढ उरलं तरी चालतं, मूल घरी पोचायला हवं.

चौथी पायरी : अजून थोडं थांब. नारायण धारपांच्या भयकथा आणि मतकरींच्या 'खेकडा'सारख्या गूढकथा मराठीचं वैभव आहेत, पण त्या मोठ्यांसाठी लिहिलेल्या आहेत. मतकरींचं उदाहरण मुद्दाम देते. 'अलबत्या गलबत्या'ही त्यांचं आणि 'खेकडा'ही त्यांचंच. म्हणजे मुखपृष्ठावरचं लेखकाचं नाव बघून पुस्तक देता येत नाही. मुलानं मागितलंच तर "हे वाईट आहे" म्हणू नये. "हे तुझ्यासाठी ठेवलं आहे, दहावीनंतर दोघं मिळून वाचू" असं सांगावं. बंदीपेक्षा वाट बघणं मुलांना समजतं.

वीस मिनिटांत पुस्तक कसं तपासावं?

प्रत्येक पुस्तक पूर्ण वाचायला आपल्याला वेळ नसतो, हे मान्य. मी पहिली चार पानं, मधलं एक प्रकरण आणि शेवटची चार पानं वाचते. वाचताना हे सहा प्रश्न समोर ठेवते.

1. शेवटी मूल कुठे पोचतं? घरी, उजेडात, आपल्या माणसांत? की अंधारात एकटं सुटतं?

2. नायकाच्या हातात काही आहे का? टॉर्च, मित्र, कुत्रा, डोकं, काहीही. ज्या गोष्टीत मूल फक्त सोसत राहतं, ती या वयाला नको.

3. भीती कुठे घडते? गडावर, जंगलात, पडक्या वाड्यात घडलेली भीती तिथेच राहते. न्हाणीघर, आरसा, पलंगाखालची जागा इथे घडलेली भीती रोज रात्री घरात भेटते. हा प्रश्न मला त्या आईनं शिकवला.

4. रक्त आणि छळ किती तपशिलात आहे? "तो मेला" आणि तो कसा मेला याचं पानभर वर्णन, यात फरक आहे.

5. भूत किंवा चेटकीण कोणाला केलं आहे? गावातली एकटी म्हातारी, विधवा, मनानं आजारी किंवा दिसायला वेगळा माणूस हेच दर वेळी "वाईट शक्ती" असतील, तर ते पुस्तक मी बाजूला ठेवते. आपल्याकडे भानामतीच्या संशयावरून खऱ्या बायकांचे हाल झालेले आहेत. अशा प्रकारांसाठीच 2013 मध्ये महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला.

6. सुटका कोण करतं? मांत्रिकाचा अंगारा की मुलाचा विचार? गोष्टीत भूत असणं म्हणजे अंधश्रद्धा नव्हे. पण "डॉक्टरकडे नको, बाबाकडे चल" असं पुस्तक शिकवत असेल तर मात्र ती अंधश्रद्धा आहे.

सहापैकी पहिल्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं तर बाकीचे पाच तपासायची मला सहसा गरज पडत नाही.

वर्गात काय करता येईल?

बोटांचा भीतीमापक. पुस्तक परत करताना मूल हाताची बोटं दाखवतं. एक बोट म्हणजे मजा आली, पाच म्हणजे झोप उडाली. तो आकडा आतल्या पानावर पेन्सिलीनं लिहितो. पुढचं मूल तो बघून स्वतः ठरवतं. मुलं एकमेकांना आपल्यापेक्षा नेमका सल्ला देतात.

अर्धवट सोडण्याची मुभा. "घेतलंस ना, मग पूर्ण कर" हे मी गूढकथेच्या बाबतीत कधीच म्हणत नाही. भीती वाटली तर पुस्तक मिटायचं आणि बाईंना सांगायचं, त्याबद्दल कोणी हसायचं नाही, हा वर्गाचा नियम आहे. मुलांपेक्षा मुलग्यांना याची जास्त गरज असते असं माझ्या लक्षात आलं. "घाबरतोस काय मुलीसारखा" हे ऐकून गप्प बसलेली मुलंच रात्री जास्त घाबरतात.

वेताळाचा प्रश्न. विक्रम-वेताळाची गोष्ट वाचून दाखवायची आणि वेताळानं प्रश्न विचारला की पुस्तक मिटायचं. गटांनी उत्तर द्यायचं आणि कारण सांगायचं. राजाचं उत्तर सगळ्यात शेवटी वाचायचं. आमच्या वर्गानं दोनदा राजाचं उत्तर चूक ठरवलं, आणि त्यांची कारणं ऐकण्यासारखी होती.

गावातलं भूत. मुलांनी आजीआजोबांकडून गावातली एक भुताची गोष्ट ऐकून लिहून आणायची. मुंजा, हडळ, खवीस, चकवा, देवचार, जे असेल ते. मग तीन प्रश्न विचारायचे : स्वतः कोणी पाहिलं? कधी, कुठे? याचं दुसरं काय कारण असू शकेल? चकव्याची गोष्ट आली की मी सांगते, ओळखीच्या खुणा दिसेनाशा झाल्या की माणूस सरळ चालतोय असं समजून गोल फिरत राहतो. पडक्या वाड्यात रात्री कोणी किंचाळतं अशी गोष्ट आली तर गव्हाणी घुबडाचा आवाज ऐकवते. पण आजीला खोटं ठरवायचं नाही. गोष्ट म्हणून ती छानच असते, आणि पुष्कळदा त्या गोष्टीमुळे आजी-नातवंडं बऱ्याच दिवसांनी तासभर बोललेली असतात.

पालकांनो, घरी एवढं करा

मुलानं भीतिदायक पुस्तक आणलं तर निदान पहिलं प्रकरण सोबत बसून वाचा. ते शक्य नसेल तर शेवट तरी वाचून ठेवा, पण मुलाला सांगू नका. रात्री घाबरलं तर "भूतबित काही नसतं, झोप" म्हणून पाठ फिरवू नका. "कुठल्या पानावर भीती वाटली?" असं विचारा. त्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा भुताबद्दल नसतं. शाळेतल्या दांडगाईबद्दल असतं, आजारी आजोबांबद्दल असतं, घरातल्या भांडणाबद्दल असतं. आणि चार-पाच रात्री झोप उडाली, खाणंपिणं सुटलं, तर पुस्तक बाजूला ठेवून शिक्षकांशी बोला, गरज वाटली तर डॉक्टरांशी.

पुस्तकं विकत घेणं सगळ्यांना परवडत नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतं आहे आणि त्याच्या अंकांमध्ये मुलांसाठी साहसकथा, रहस्यकथा, विज्ञानकथा भरपूर आहेत. गावच्या वाचनालयात जुने अंक असतात, तिथे मुलाला घेऊन जा.

त्या मुलीचं पुढे काय झालं?

कपाटाचं कुलूप आम्ही काढलं. पुस्तकं तपासून पायऱ्यांप्रमाणे लावली. त्या मुलीला मी आधी फास्टर फेणे दिला, मग फेलूदा. पहिलं पुस्तक देताना तिनं विचारलं, "बाई, याच्यात शेवटी घरी जातात ना?" मी म्हटलं, "जातात. मी वाचलंय." त्या दिवशी मला ते खरं सांगता आलं.

वर्षाअखेरीला तिची आई पुन्हा शाळेत आली. या वेळी तक्रार नव्हती. "बाई, दुसरा भाग आहे का? ती वाचते आणि मला भाकरी करताना सांगते. माझाही अर्धाच राहिलाय." मुलीला अजून झोपताना बाहेरच्या खोलीतला दिवा लागतो, असंही तिनं सांगितलं. मी म्हटलं, "लागू दे ताई. दिवा आहे म्हणून तर ती वाचते आहे."

या वर्षी पेटी उघडाल तेव्हा एखादं मूल हळूच जवळ येईलच. त्याला नाही म्हणू नका, आणि न वाचता देऊही नका. आदल्या रात्री फक्त शेवटची चार पानं वाचून ठेवा.